युरोपात प्लास्टिक पनेटवर बंदी: आपल्या द्राक्षांचं काय होणार?



गेले काही दिवस एक मेसेज सगळीकडे फिरतोय: "युरोपने प्लास्टिकचे डबे बंद केले, यंदा एक्सपोर्टचा माल परत येणार." पॅकहाऊसवर रोज कोणीतरी फोन पुढे करून विचारतं, "हे खरं का?" काही सभासदांनी तर यंदा प्लॉटची निर्यात नोंदणीच करायची नाही असं ठरवलंय. म्हणून आज नेहमीचा फवारणीचा सल्ला बाजूला ठेवून हा मोठा मेसेज पाठवत आहोत. चहा घेताना निवांत वाचा, घरच्यांनाही वाचून दाखवा.

*घाईत असाल तर एवढं वाचा*

1. या हंगामात प्लास्टिक पनेट बंद नाही. बंदीची तारीख 1 जानेवारी 2030 आहे.
2. बंदी युरोपीय संघाच्या 27 देशांत आहे, आणि ती दीड किलोपेक्षा कमी वजनाच्या पॅकसाठी आहे. आपलं 500 ग्रॅमचं पनेट त्यात येतं.
3. पाणी उडून किंवा मार लागून खराब होणाऱ्या मालाला सूट देता येते. ती द्यायची की नाही हे प्रत्येक देश ठरवेल. सूट मिळणारच असं धरून चालू नका.
4. या बातमीमुळे नोंदणी थांबवणं हे नुकसानीचं काम आहे. नोंदणी करा.
5. डबा बदलला तर मालाची परीक्षा कडक होणार. तयारी डब्यापेक्षा शेतात आणि प्रीकूलिंगमध्ये जास्त करावी लागेल.

आता सविस्तर.

*नियम नेमका काय आहे?*

युरोपीय संघाने पॅकिंग आणि पॅकिंगच्या कचऱ्याबद्दल नवा नियम केला आहे. क्रमांक 2025/40. तो 11 फेब्रुवारी 2025 ला अमलात आला. त्यातली बरीचशी कलमं 12 ऑगस्ट 2026 पासून लागू होतात, आणि फळं-भाज्यांच्या प्लास्टिक पॅकवरची बंदी 1 जानेवारी 2030 पासून. हा नियम सगळ्या सदस्य देशांना थेट बंधनकारक आहे. प्रत्येक देशाने त्यासाठी वेगळा कायदा करण्याची वाट बघायची नाही.

बंदी कशावर? एकदाच वापरून फेकायच्या प्लास्टिकमध्ये आधीच बांधून ठेवलेल्या, दीड किलोपेक्षा कमी वजनाच्या ताज्या फळं-भाज्यांवर. जाळी, पिशवी, ट्रे, डबा, सगळं त्यात आलं. 5 किलोच्या बाहेरच्या खोक्यातला लायनर या कलमात येत नाही, कारण ते खोकं दीड किलोच्या वर आहे. त्या खोक्यातली 10 पनेट मात्र येतात, कारण ग्राहक दुकानातून उचलतो ते पनेट.

सूट कशासाठी? नियमात कारणं लिहून दिली आहेत: मालातलं पाणी उडणं, टवटवीतपणा जाणं, जंतूंचा धोका, मार लागणं, हवेने काळा पडणं. सेंद्रिय माल दुसऱ्या मालात मिसळू नये म्हणून प्लास्टिकशिवाय परवडणारा मार्गच नसेल, तर तेही कारण चालतं. बंदीतून कोणती फळं-भाज्या बाहेर राहतील, याची उदाहरणादाखल यादी युरोपीय आयोगाने 12 फेब्रुवारी 2027 पर्यंत प्रसिद्ध करायची आहे. ही तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. यादी आली की कंपनी लगेच मेसेज करेल.

*हे कुठून सुरू झालं?*

सुरुवात केली फ्रान्सने. तिथे फेब्रुवारी 2020 मध्ये कचरा कमी करण्याचा कायदा झाला आणि 1 जानेवारी 2022 पासून सुमारे 30 फळं-भाज्या प्लास्टिकमध्ये बांधून विकायला बंदी आली. बटाटा, गाजर, वांगी, काकडी, सफरचंद, संत्री, केळी हे सगळं सुटं. त्या यादीत आंबाही होता. नाजूक मालाला टप्प्याटप्प्याने मुदत दिली होती. द्राक्षांना 30 जून 2023 पर्यंत, आणि स्ट्रॉबेरी-रासबेरीसारख्या फळांना 2026 च्या मध्यापर्यंत.

पुढे काय झालं ते मजेशीर आहे. पॅकिंगवाले कोर्टात गेले. डिसेंबर 2022 मध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने तो आदेश रद्द केला. सरकारने जून 2023 मध्ये सुधारून दुसरा आणला. नोव्हेंबर 2024 मध्ये तोही रद्द झाला, कारण युरोपीय आयोगाला आधी कळवण्याची पद्धत नीट पाळली नव्हती. स्पेननेही डिसेंबर 2022 मध्ये दीड किलोपेक्षा कमी माल सुटा विकण्याचा आदेश काढला होता.

म्हणजे आपल्याकडे "शासन निर्णय, स्थगिती, पुन्हा शासन निर्णय" चालतं, तसंच तिकडेही चाललं. पण दोन वेळा आदेश रद्द झाला म्हणून विषय संपला नाही. तो फ्रान्समधून उठून सगळ्या युरोपात गेला. "होईल काहीतरी, पुढे ढकलतील" असं म्हणून निर्धास्त बसणंही चूक, आणि "संपलं सगळं" म्हणून घाबरणंही चूक.

*तिकडच्या लोकांना प्लास्टिकचा एवढा राग का?*

कचरा हे एक कारण. दुसरं कारण आपल्यालाही पटेल. बांधून ठेवलेला माल घेताना ग्राहकाला दोन गाजरं हवी असली तरी किलोभर घ्यावी लागतात, आणि उरलेली घरी सडतात. ब्रिटनमधल्या रॅप या संस्थेने 2022 मध्ये सफरचंद, केळी, ब्रोकोली, काकडी आणि बटाटा या पाच मालांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दिसलं की या मालांच्या बाबतीत प्लास्टिकने फार फरक पडत नाही. माल थंड जागेत ठेवला की नाही, याने पडतो.

ही गोष्ट नीट लक्षात ठेवा, आपल्या कामाची आहे: *डब्यापेक्षा थंडी मोठी.*

*पण द्राक्ष म्हणजे बटाटा नव्हे*

बटाट्याला जाड साल आहे. सफरचंद झाडावरून काढल्यावरही बराच काळ टिकतं. आपल्या घडाचा नाजूक भाग म्हणजे देठ. मण्यावर लव असते, ती पाणी धरून ठेवते. देठाला तसं कवच नाही, तो आधी सुकतो. मालाच्या वजनात साधारण 2 टक्के पाणी गेलं की देठ तपकिरी पडायला लागतो. 500 ग्रॅमच्या पनेटमध्ये 2 टक्के म्हणजे 10 ग्रॅम, दोन चमचे पाणी! त्याहून जास्त गेलं की मणी मऊ पडतात, सुरकुततात, आणि हात लावला की गळतात. तिकडचा खरेदीदार डबा उघडल्यावर आधी देठ बघतो. देठ हिरवा तर माल ताजा.

न्हावा-शेवाहून रॉटरडॅमला माल समुद्राने जायला साधारण तीन आठवडे लागतात. तांबड्या समुद्रातल्या गडबडीमुळे जहाजं आफ्रिकेला वळसा घालून गेली, तेव्हा त्याहून जास्त दिवस लागले. एवढे दिवस प्लास्टिक पनेट तीन कामं करतं: ओलावा धरतं, मार सोसतं, आणि माल दाखवतं. डबा बदलायचा म्हणजे ही तिन्ही कामं दुसऱ्या कुणीतरी करायची.

*प्लास्टिक नाही तर काय?*

सध्या तीन पर्याय चर्चेत आहेत.

▪️ *पुठ्ठ्याचं पनेट.* दिसायला छान आणि तिकडच्या ग्राहकाला आवडणारं. पण शीतगृहात 90 ते 95 टक्के आर्द्रता असते. पुठ्ठा ती ओढून घेतो, मऊ पडतो, आणि खालच्या थरातली खोकी दबतात. सल्फर पॅडही ओलाव्यावरच काम करतो. पुठ्ठ्याने ओलावा खाल्ला तर पॅडचं गणित पुन्हा बसवावं लागेल. वायू कमी पडला तर बुरशी, जास्त झाला तर मण्यावर पांढरे डाग.

▪️ *पुठ्ठ्याचं पनेट, वर पातळ फिल्म.* माल दिसतो, प्लास्टिक कमी लागतं. पण "कमी प्लास्टिक" आणि "प्लास्टिक नाही" यात कायद्याच्या दृष्टीने मोठा फरक आहे. खरेदीदाराने असं पॅकिंग मागितलं तर ते त्यांच्या देशात 2030 नंतर चालेल का, हे त्यांच्याकडून लेखी घ्यायचं. तोंडी नको.

▪️ *सुटी विक्री.* खोकं दुकानात उघडं ठेवायचं, ग्राहक घड उचलून वजन करून नेणार. डब्याचा खर्च वाचतो. पण दहा हात लागणार, मणी गळणार, आणि गळलेल्या मण्याचे पैसे कोणी देत नाही.

पुठ्ठ्याबद्दल एक सावधगिरी. पाणी झिरपू नये म्हणून काही पुठ्ठ्यांवर पीएफएएस जातीच्या रसायनांचा लेप असतो. अन्नाला लागणाऱ्या पॅकिंगमध्ये या रसायनांवर युरोपने 12 ऑगस्ट 2026 पासून कडक मर्यादा घातली आहे. बाजारात कोणी स्वस्तात "युरोप चालतो" म्हणून पुठ्ठ्याची पनेट देऊ लागलं तर परस्पर घेऊ नका. लेपाच्या तपासणीचा दाखला असल्याशिवाय कंपनी घेणार नाही, तुम्हीही घेऊ नका.

*2010 विसरलात का?*

जुन्या सभासदांना सांगायला नको. 2010 च्या हंगामात क्लोरमेक्वॅट क्लोराइड, म्हणजे आपलं सीसीसी, याच्या अंशावरून आपली द्राक्षं युरोपात अडकली. वेलीची वाढ रोखायला वर्षानुवर्षं वापरलेलं औषध होतं ते. तिकडची मर्यादा बदललेली आपल्या बांधापर्यंत पोचलीच नाही. कंटेनर बंदरात पोचल्यावर कळलं, आणि फटका बसला तो शेतकऱ्याला.

त्या वेळी नियम कळायला उशीर झाला. या वेळी नियम आधी कळला आहे. तारीख माहीत आहे, कारणं माहीत आहेत, सुटीचा रस्ताही माहीत आहे. हा वेळ अफवेवर घालवायचा नाही.

*खर्च कोणावर पडणार?*

खरा प्रश्न हा आहे. समजा, नवं पनेट जुन्यापेक्षा फक्त 1 रुपयाने महाग पडलं. हिशोब असा:

5 किलोच्या खोक्यात 10 पनेट = 10 रुपये जास्त
म्हणजे किलोमागे 2 रुपये
1 टनाला 2,000 रुपये
10 टन माल देणाऱ्या सभासदाला 20,000 रुपये

पॅकिंगचा खर्च निर्यातदार करतो असं आपण म्हणतो. पण दर ठरताना तो आपल्याच खिशातून वजा होतो, हे सगळ्यांना माहीत आहे. एकटा शेतकरी याबद्दल बोलायला गेला तर त्याचं कोणी ऐकत नाही. कंपनी म्हणून एकत्र माल असेल तर करारात लिहून घेता येतं. म्हणून यापुढच्या प्रत्येक करारात तीन ओळी असतील:

1. पॅकिंग कोणतं आणि कोणत्या देशासाठी.
2. हंगामाच्या मध्ये पॅकिंग बदललं तर वाढीव खर्च कोणाचा.
3. पॅकिंगमुळे माल खराब झाला तर जबाबदारी कोणाची. पॅकिंग खरेदीदाराने ठरवायचं आणि नुकसान आपण सोसायचं, असं चालणार नाही.

कंपनीबाहेर व्यापाऱ्याला माल देणाऱ्या सभासदांनीही या तीन गोष्टी कागदावर घ्याव्यात.

*शेतात काय करायचं?*

डबा कोणताही असो, खालची कामं केली तर माल टिकतो. पुठ्ठ्यात जायचं असेल तर त्यांना पर्याय नाही.

✅ *घड मोकळा ठेवा.* विरळणीत कंजूषी नको. दाटीच्या घडात मणी एकमेकांवर दाबतात, ओल अडकते, पॅक करताना देठ मोडतो. पनेटमध्ये घड वाकवून कोंबावा लागत असेल तर तो घड मोठा आहे.

✅ *खुडा सकाळी लवकर.* उन्हं तापायच्या आत माल क्रेटमध्ये आणि क्रेट सावलीत. क्रेट बांधावर उन्हात ठेवून मजूर जेवायला गेले, तर देठाचं तिथेच निम्मं काम तमाम.

✅ *क्रेट गळ्यापर्यंत भरू नका.* क्रेटवर क्रेट ठेवताना मणी दबले तर ते दोन आठवड्यांनी जहाजात कुजतात. बागेत दिसत नाही, रॉटरडॅमला दिसतं.

✅ *खुडल्यापासून चार ते सहा तासांत प्रीकूलिंग.* मालाच्या आतलं तापमान 4 अंशांखाली आल्याशिवाय कंटेनरमध्ये भरायचा नाही. पुढे शून्य अंशाच्या आसपास. गाडी उशिरा येणार असेल तर खुडा उशिरा करा, खुडून वाट बघू नका. आदल्या दिवशी पॅकहाऊसला फोन करून वेळ ठरवा.

✅ *लव जपा.* माल कमीत कमी वेळा हाताळा, घड देठाला धरून उचला. मण्यावरून हात फिरवला की लव गेली, आणि लव गेली की पाणी गेलं.

*बाकी बाजारांचं काय?*

ब्रिटन 2020 मध्ये युरोपीय संघातून बाहेर पडलं, तिथे हा नियम नाही. तिथे 1 एप्रिल 2022 पासून वेगळा कर आहे: ज्या प्लास्टिक पॅकिंगमध्ये 30 टक्क्यांपेक्षा कमी पुनर्वापर केलेलं प्लास्टिक असेल, त्यावर. आखाती देश आणि रशिया युरोपीय संघात नाहीत, त्यामुळे तिकडेही हा नियम नाही.

आंबा-डाळिंबवाल्या सभासदांसाठी: फळावर चिकटवायची स्टिकरं युरोपात 12 फेब्रुवारी 2028 पासून कारखान्यात खत होईल अशीच लागतील. स्टिकरचा मोठा साठा आत्ता करून ठेवू नका.

आणि आपल्या घरचं: राज्यात 2018 पासून प्लास्टिक कॅरीबॅगवर बंदी आहे. दंड पहिल्यांदा 5,000, दुसऱ्यांदा 10,000, तिसऱ्यांदा 25,000 रुपये आणि तुरुंगवासही. पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत थेट विक्रीला जाणाऱ्या गटांनी कागदी पिशव्या बरोबर ठेवा आणि ग्राहकांना आधीच्या दिवशी मेसेज करा: "पिशवी आणा." दिवसभराची कमाई दंडात घालवू नका.

*या हंगामात कंपनी काय करणार?*

आपल्याच पॅकहाऊसमध्ये एक साधी चाचणी करायची आहे. एकाच प्लॉटचा, एकाच दिवशी खुडलेला माल तीन प्रकारे बांधायचा: नेहमीचं प्लास्टिक पनेट, पुठ्ठ्याचं पनेट, आणि फिल्म लावलेलं पुठ्ठ्याचं पनेट. तिन्ही खोकी शीतगृहात 30 दिवस ठेवायची. दर आठवड्याला वजन, देठाचा रंग, गळलेले मणी, बुरशी आणि खोक्याची अवस्था नोंदवायची. खोकी सगळ्यांसमोर उघडू. जे दिसेल ते ग्रुपवर फोटोसह टाकू, चांगलं असो की वाईट. हीच नोंद पुढे खरेदीदाराशी बोलताना हातात राहील. सूट मागायची वेळ आली तर "आमचा माल नाजूक आहे" एवढं म्हणून भागत नाही, आकडे दाखवावे लागतात.

यासाठी लवकरच्या, मधल्या आणि उशिराच्या छाटणीचे प्लॉट हवेत, पांढऱ्या आणि काळ्या दोन्ही जातींचे. ज्यांची तयारी आहे त्यांनी या मेसेजला उत्तर म्हणून फक्त *"चाचणी"* असं लिहून आपलं गाव, जात आणि छाटणीची तारीख पाठवा. चाचणीच्या मालाचे पैसे कंपनी नेहमीच्या दराने देईल.

आणि ज्यांनी निर्यात नोंदणी थांबवली आहे, त्यांनी ग्रेपनेटची नोंदणी मुदतीत पूर्ण करा. 2030 च्या नियमाला घाबरून या हंगामाचा दर सोडून देण्यात शहाणपण नाही. नोंदणी नसेल तर प्लास्टिक पनेट असो की सोन्याचं, युरोपात माल जाणार नाही.

शंका असेल तर ग्रुपवर विचारा, लाजू नका. तुमचा प्रश्न तोच आणखी पन्नास जणांचा असतो. फिरणारा मेसेज पुढे पाठवण्याआधी मात्र एकदा पॅकहाऊसला विचारा.


आपली शेतकरी उत्पादक कंपनी, सल्ला विभाग